स्वमग्न मुलांचे आईवडील : ताण आणि तग

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा हा लिखित मसुदा. बोलण्याच्या ओघातील पुनरुक्ती तेवढी गाळली आहे.)



संस्थेच्या पन्नासाव्या वर्षाच्या मंगल निमित्ताने या व्यासपीठावरून बोलण्याची संधी मला दिलीत, याबद्दल प्रारंभीच आपले ऋण व्यक्त करते. निमंत्रणपत्रात ‘तणावमुक्त पालकत्व’ असा विषय सुचविला होता. मी चिटणीसांना दूरध्वनी करून सांगितले की, या विषयावर बोलण्याचा मला अधिकार नाही. ज्या घरात स्वमग्न मूल वाढते, त्या घरातून ताण नाहीसा होत नाही. फार तर त्याचे वजन कमी-अधिक होते आणि ते उचलणारे हात वाढू शकतात. त्या हातांविषयी बोलू का, असे मी विचारले. त्यांनी मोठ्या मनाने होकार दिला.

माझा परिचय करून देताना ‘निवृत्त मुख्याध्यापिका’ असा उल्लेख झाला. तो खरा असला, तरी आज मी येथे उभी आहे ती एका मुलाची आई म्हणून. माझा मुलगा १९९८ साली जन्मला. दोन वर्षांचा होईतो तो चार-पाच शब्द बोलत असे. पुढे तेही थांबले. हाक मारली तर वळत नसे, परंतु पलीकडच्या खोलीत कोणी पंख्याचे बटण दाबले, तर धावत येऊन पात्यांकडे तासन्‌तास पाहत राही. कुकरची शिट्टी झाली की कानांवर हात ठेवून किंचाळे. रात्री दोन वाजता उठून हसू लागे आणि उजाडेपर्यंत झोपत नसे. घरातील वडीलधारी मंडळी म्हणत, मुलगे उशिराच बोलतात. मीही तसेच म्हणत होते. २००२ साली पुण्यातील एका डॉक्टरांनी दहा मिनिटांत ‘ऑटिझम’ हा शब्द उच्चारला, चिठ्ठीवर लिहिला आणि पुढचा रुग्ण बोलावला. परतीच्या एस.टी.त मी तो शब्द पुन्हा पुन्हा वाचत होते. चौदा वर्षे शिक्षिका असूनही मला त्याचा अर्थ ठाऊक नव्हता.

मराठीत आपण त्याला ‘स्वमग्नता’ म्हणतो. शब्द रूढ आहे, म्हणून मीही वापरते. परंतु त्याने थोडा गैरसमज होतो. मूल स्वतःच्या आनंदात बुडालेले आहे आणि जगाशी त्याला कर्तव्य नाही, असे त्यातून वाटते. वस्तुस्थिती निराळी आहे. या मुलांच्या मेंदूची जडणघडण जन्मतःच वेगळी असते. आवाज, प्रकाश, स्पर्श त्यांना आपल्यापेक्षा फार तीव्र किंवा फार मंद जाणवतात. माणसांचे चेहरे, स्वर आणि सूचक बोलणे यांचा अर्थ त्यांना सहजी लागत नाही. दिनक्रम बदलला की ती घाबरतात. काही मुले मुळीच बोलत नाहीत, तर काही आयुष्यभर अस्खलित बोलतात आणि तरीही एकाकी राहतात. जगात साधारणपणे शंभर-सव्वाशे माणसांमागे एक या प्रमाणात ही स्थिती आढळते, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. म्हणजे या सभागृहात जितकी कुटुंबे बसली आहेत, त्यांच्या नात्यागोत्यात अशी मुले असणारच. ती येथे दिसत नाहीत, एवढेच. ती का दिसत नाहीत, हाच माझा आजचा विषय आहे.

प्रथम अपराधीपणाविषयी. १९४३ साली अमेरिकेतील बाल्टिमोर येथील बालमानसतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी ११ मुलांचे वर्णन करणारा लेख प्रसिद्ध केला आणि वैद्यकशास्त्रात या स्थितीला स्वतंत्र स्थान मिळाले. मुलांमधील हा फरक जन्मजात असावा, असे कॅनर यांनीच त्या लेखात म्हटले होते. परंतु या मुलांचे आईवडील फारसे प्रेमळ वाटत नाहीत, असेही निरीक्षण त्यांनी जोडले. पुढच्या पिढीने पहिले वाक्य विसरले आणि दुसरे उचलले. ब्रूनो बेटेलहाइम यांनी १९६७ साली ग्रंथ लिहून आईच्या नकारामुळे मूल असे होते, हा विचार लोकप्रिय केला. बर्फाच्या पेटीसारखी थंड आई, असे त्या काळी म्हटले जाई. ज्या बाईने तीन वर्षे सलग झोप घेतलेली नाही, तिला हे ऐकविले जात होते!

हा डाग पुसला तो मुख्यतः पालकांनीच. बर्नार्ड रिमलँड हे मानसशास्त्रज्ञ होते आणि त्यांचा मुलगा स्वमग्न होता. त्यांनी १९६४ साली ग्रंथ लिहून ही स्थिती जैविक असल्याचे मांडले. इंग्लंडमध्ये लॉर्ना विंग या मनोविकारतज्ज्ञ बाईंची कन्या स्वमग्न होती. १९६२ साली ज्या पालकांनी तेथे संस्था उभारली, त्यांत त्या होत्या. १९६९ साली खुद्द कॅनर यांनी पालकांच्या सभेत उभे राहून त्यांना दोषमुक्त ठरविले. १९७७ साली जुळ्या भावंडांचा अभ्यास झाला आणि आनुवंशिकतेचा वाटा स्पष्ट झाला. गोवर-गालगुंडाच्या लशीमुळे ऑटिझम होतो अशी हूल १९९८ साली एका लेखाने उठविली. तो लेख संबंधित नियतकालिकाने २०१० साली मागे घेतला. तरीही आजसुद्धा माता मला विचारतात, ‘बाई, मी लस दिली म्हणून तर नाही ना?’ नाही, मुळीच नाही.

आपल्याकडे बर्फाची पेटी नव्हती. आपल्याकडे पूर्वकर्म होते. ‘मागच्या जन्मी काय केले होतेस गं?’ असे मला एका दूरच्या नातेवाईक बाईंनी लग्नाच्या पंगतीत विचारले. त्या वेळी मी गप्प बसले. उत्तर आज देते. मी पंडित नाही. पाठशाळेत जेवढे शिकले तेवढ्यावरून मला इतके समजते की, प्रत्येक जीव आपले कर्म आपणच बांधतो आणि आपणच भोगतो. आईच्या खात्यातील रक्कम मुलाच्या नावे जमा होत नाही. दुसऱ्याच्या कर्माची वही वाचण्याचे सामर्थ्य छद्मस्थाला नाही. कर्मसिद्धान्त स्वतःकडे पाहण्यासाठी आहे. तो शेजारणीवर रोखला, की त्याची निंदा होते.

आता ताणाविषयी. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या संशोधकांनी किशोर आणि प्रौढ स्वमग्न मुलांच्या मातांचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध केला. त्यांनी मातांच्या लाळेतील कॉर्टिसॉल तपासले. ताणाच्या प्रसंगी शरीर हा स्राव सोडते आणि त्याच्या बळावर आपण प्रसंगाला तोंड देतो. या मातांमध्ये तो अपेक्षेपेक्षा कमी आढळला. दीर्घकाळ ताणाखाली राहिलेल्या माणसांत, रणांगणावरील सैनिकांतसुद्धा, असे दिसते. झरा वर्षानुवर्षे उपसला की पाणी खाली जाते, तसे हे आहे. माझ्या पतीला मी हे वाचून दाखविले, तेव्हा ते म्हणाले, ‘मग निवृत्तिवेतन का देत नाहीत?’

विनोद ते आता करतात. पहिली सहा-सात वर्षे करत नव्हते. दुकान आठला बंद होई. परंतु ते अकरापर्यंत हिशेबाची वही घेऊन बसत. मला वाटे, हे पळून जात आहेत. पुष्कळ वर्षांनी कळले की, त्या वहीत ते मुलाच्या साठाव्या वर्षापर्यंतचा खर्च मांडत होते आणि तो कधीच जुळत नव्हता. पुरुषांचा ताण आपल्या समाजात असा वहीत लपून राहतो. त्याची विचारपूस कोणी करत नाही. आणखी एक व्यक्ती विसरली जाते, ती म्हणजे दुसरे अपत्य. माझी मुलगी सहा वर्षांची असताना एकदा तापाने फणफणली. मी तिच्या उशाशी बसले, तर म्हणाली, ‘आई, मला ताप असाच राहू दे.’ त्या वाक्यानंतर घरात मी बरेच काही बदलले.

गोव्यातील स्वमग्न मुलांच्या कुटुंबांशी सविस्तर बोलून गौरी दिवाण आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. तो वाचताना आपलीच डायरी कोणी छापली आहे, असे मला वाटले. त्यात असे दिसते की, निदानानंतर ही कुटुंबे आधी समाजातून मागे सरतात. लग्नकार्ये, नातेवाईक, देवस्थाने सगळे सुटते. पुढे केव्हातरी, जुन्या-नव्या माणसांच्या आधाराने, ती परत येतात. आणखी एक गोष्ट त्यात नोंदविली आहे, ती या व्यासपीठावरून सांगणे मला आवश्यक वाटते. वैद्यकीय आणि शैक्षणिक क्षेत्राप्रमाणेच धार्मिक क्षेत्रातील मंडळींनाही या कुटुंबांच्या गरजांची जाण कमी असते आणि त्याचा भार कुटुंबांवर पडतो.

माझे मागे सरणे मला तारीखवार आठवते. दशलक्षण पर्व होते. एका गावी आम्ही प्रवचनाला बसलो होतो. मुलगा सहा वर्षांचा होता. ध्वनिक्षेपक खरखरला, त्याने कान झाकले आणि मोठ्याने ओरडू लागला. मग उठून धावत गेला आणि घंटा वाजवीत राहिला. चारशे माना वळल्या. कोणी रागावले नाही. एक वयस्कर गृहस्थ अगदी सौम्यपणे म्हणाले, ‘ताई, याला घरी ठेवून येत जा, तुमचाही धर्मलाभ होईल.’ त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण घरी ठेवायचे म्हणजे कोणाजवळ? त्यानंतर नऊ वर्षे मी कोणत्याही पर्वाला बाहेर पडले नाही. माझी अनुपस्थिती कोणाच्या लक्षात आली नाही, असेच मला तेव्हा वाटे.

लक्षात आले होते ते एकीच्या. आमच्या गल्लीत एक आक्का राहत असत. शिक्षण चौथीपर्यंत, ‘ऑटिझम’ हा शब्द त्यांनी मरेपर्यंत उच्चारला नाही. एका गुरुवारी दुपारी चार वाजता त्या सूप आणि भुईमुगाच्या शेंगा घेऊन आल्या, मुलाशेजारी बसल्या आणि मला म्हणाल्या, ‘तू जाऊन ये.’ कुठे, ते त्यांनी विचारले नाही. मी चप्पल घालून रस्त्यावर आले आणि मला कोठे जावे हे सुचेना. इतक्या वर्षांत एकटी बाहेर पडलेच नव्हते. शेवटी एस.टी. स्टँडवरच्या बाकावर तासभर बसले आणि परत आले. मुलाने शेंगा फोडून दाण्यांची एक आणि टरफलांची एक, अशा दोन सरळ रांगा लावल्या होत्या. आक्का पुढे पाच वर्षे दर गुरुवारी आल्या.

लाझारस आणि फोकमन या मानसशास्त्रज्ञांनी १९८४ साली ताणाला तोंड देण्याचे दोन मार्ग वर्णिले. एक, प्रश्नालाच हात घालणे. दुसरा, प्रश्न सुटत नसेल तेथे आपल्या भावनांना सावरणे. शिक्षक या नात्याने मला पहिला मार्ग जवळचा वाटला. दिवसभराच्या कामांची चित्रे काढून मी भिंतीवर तक्ता लावला. पुढे काय होणार हे मुलाला दिसू लागले आणि किंचाळणे निम्म्याने कमी झाले. कुकर लावण्यापूर्वी त्याला कुकरचे चित्र दाखवू लागले. रात्रीच्या जागरणाचे आम्ही दोघांनी वार वाटून घेतले. परंतु ज्या प्रश्नांना उत्तर नाही तेथेही मी झगडत राहिले. दर महिन्याला पुणे, नवे औषध, नवा आहार, नवा नवस. खात्रीने बरे करतो म्हणणाऱ्या एकाने आमचे चाळीस हजार रुपये नेले. हे सांगताना आजही लाज वाटते. तरीही सांगते, कारण आपल्यापैकी कोणी आज अशाच दारात उभे असेल. स्वमग्नता बरी करणारे औषध नाही. बोलणे, वागणे, स्वावलंबन शिकविता येते. तेही लवकर सुरू केले तर अधिक चांगले.

दुसरा मार्ग मला उशिरा उमगला. पॉलीन बॉस नावाच्या अमेरिकन विदुषींनी अशा दुःखाला ‘संदिग्ध वियोग’ या अर्थाचे नाव दिले आहे. माणूस समोर असतो, परंतु ज्याची आपण वाट पाहिली तो आलेला नसतो. मृत्यूला सुतक असते, भेटीला माणसे येतात; या वियोगाला काहीच नसते. आपल्याकडे आर्तध्यानाच्या प्रकारांत इष्टवियोगही सांगतात. मी कित्येक वर्षे त्याच ध्यानात होते. माझ्या मनातल्या, पाठशाळेत बोलक्या आवाजात स्तोत्र म्हणणाऱ्या मुलासाठी रडत होते. आणि खरा मुलगा शेजारी बसून माझ्या बांगड्या मोजत होता. जिम सिंक्लेअर ही स्वतः स्वमग्न असलेली व्यक्ती. १९९३ साली टोरांटो येथील परिषदेत त्यांनी पालकांना बजावले की, न आलेल्या मुलासाठी शोक करावयाचा तर करा, पण तो आमच्यावर लादू नका. आम्ही आलेलो आहोत. हे मला फार उशिरा वाचावयास मिळाले.

संकटानंतर माणसात काही वाढते का, याचा अभ्यास टेडेस्की आणि काल्हून यांनी केला आणि १९९६ साली त्यासाठी मोजपट्टीही तयार केली. नाती दृढ होणे, स्वतःचे बळ कळणे, नव्या वाटा दिसणे, जगण्याची किंमत कळणे, आध्यात्मिक जाण बदलणे, असे पाच पैलू त्यात येतात. हे वाचून कोणी कृपा करून एखाद्या आईला सांगू नये की, ‘तुझी वाढ व्हावी म्हणूनच देवाने हे मूल दिले.’ मूल हे आईच्या उन्नतीचे साधन नव्हे. शिवाय वाढ झाली म्हणून दुःख जात नाही. दोन्ही एकाच घरात राहतात.

माझ्यात काय बदलले, त्याचे एकच उदाहरण देते. १९९१ साली माझ्या वर्गात एक मुलगा होता. तो डोळ्यांत पाहत नसे, विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर न देता प्रश्नच परत म्हणे. मी त्याला उर्मट ठरविले आणि पूर्ण आठवडा वर्गाबाहेर उभे केले. त्याला स्वमग्नता होती की नाही, हे मी सांगू शकत नाही. परंतु २००४ साली माझा मुलगा माझाच प्रश्न परत म्हणू लागला, तेव्हा तो मुलगा माझ्या डोळ्यांसमोर उभा राहिला आणि हलेना. चौकशी केली तेव्हा समजले, तो मामाच्या पिठाच्या गिरणीवर काम करतो. मी ज्वारीचा डबा घेऊन गेले आणि सर्वांदेखत त्याची क्षमा मागितली. त्याने डबा तोलला, दळण दळून दिले, सुटे पैसे मोजून हातात ठेवले आणि म्हणाला, ‘बाई, पीठ गरम आहे, झाकण उघडे ठेवा.’ संवत्सरीला मी जन्मभर ‘मिच्छामि दुक्कडं’ म्हणत आले होते. त्या दिवशी ते प्रथम म्हटले, असे मला वाटते.

आता संस्थेपुढे काही मागणे मांडते. फार मोठ्या इमारतीची आवश्यकता नाही. गोव्यात आणि पाकिस्तानातील रावळपिंडीत एक प्रयोग झाला. विशेषज्ञ नसलेल्या साध्या आरोग्यसेवकांना प्रशिक्षण दिले आणि त्यांनी पालकांना मुलाशी संवाद कसा साधावा हे शिकविले. आईवडील आणि मूल यांच्यातील संवाद त्याने सुधारला, असा निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाला. विशेषज्ञ पुण्या-मुंबईत असतात, परंतु शिकण्यास तयार माणसे गल्लीत असतात. आपल्या महिला मंडळातील चार भगिनी आठवड्यातून एक तास देऊ शकतील का? प्रवचनाच्या वेळी दाराजवळची एक रांग या कुटुंबांसाठी ठेवता येईल का, म्हणजे मूल अस्वस्थ झाले तर गुपचूप बाहेर पडता येईल? ध्वनिक्षेपकाचा आवाज थोडा कमी करता येईल का? तो तर इतरांनाही नकोच असतो. वैयावृत्त्याला आपण अंतरंग तपात मोजतो. मुनिसंघ गावात आला की आपण रात्रंदिवस राबतो. त्यातील एक तास मी मागत आहे.

आणि कागदपत्रांविषयी. १९९५ च्या अपंगत्वविषयक कायद्यात ऑटिझमचे नाव नव्हते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ते आले आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत त्याचा समावेश झाला. मूल अठरा वर्षांचे झाले की आईवडील कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत. राष्ट्रीय न्यास कायद्यान्वये जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करावा लागतो. हे आम्हाला मुलगा वीस वर्षांचा झाल्यावर, बँकेच्या खिडकीपाशी उभे असताना कळले. संस्थेच्या कार्यालयात या अर्जांची माहिती देणारी एक व्यक्ती बसली, तर कितीतरी हेलपाटे वाचतील.

आमच्यानंतर त्याचे काय, हा प्रश्न मी मुद्दामच शेवटी ठेवला. त्याचे उत्तर माझ्याजवळ नाही. मुलगी म्हणते, मी आहे. ती म्हणते म्हणून मला आनंद होतो आणि तिला तसे म्हणावे लागते म्हणून वाईटही वाटते. पतीची वही अजून जुळलेली नाही.

मुलगा आज पंचविशी ओलांडून गेला आहे. तो दुकानात वस्तूंच्या रांगा लावतो. एकही डबा वाकडा राहत नाही. तो आता या सभागृहातच, शेवटच्या रांगेत दाराशी वडिलांजवळ बसला आहे. मघाशी मध्येच जो आवाज आला, तो त्याचाच. आमच्या घरात रात्रिभोजनत्यागाचा नियम त्याच्याइतका काटेकोरपणे कोणी पाळत नाही. तक्त्यावर सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाचे चित्र आहे आणि ते टळलेले त्याला चालत नाही. खिडकीतून मला दिसते की, ऊन कलले आहे. तो उठून उभा राहिला आहे. येथेच थांबते.